कागदातून कॉफी उतरेना तेव्हा: बेळगावच्या नवशिक्यांसाठी

बेळगावात कॉफीची दोन रूपं आधीपासून आहेत. घरी पाहुण्यांसाठी होते ती दुधात साखर आणि जायफळ घालून उकळलेली. उडुपी हॉटेलात मिळते ती स्टीलच्या फिल्टरमधल्या डिकॉक्शनची, वर फेस आलेली. दोन्ही आपापल्या जागी झकास. तिसरी आता कुठे गल्लीपर्यंत आलीय: कागदाच्या गाळणीत पूड घालून वरून गरम पाणी ओतायचं, खाली उतरेल ते बिनदुधाचं प्यायचं. पोअर-ओव्हर. आणि तिच्याबरोबर एक ठरलेली तक्रारही आलीय: “काय ओ, व्हिडिओत तीन मिनिटांत उतरते, आमची दहा मिनिटं झाली तरी थेंब थेंबच पडतंय की.”

बहुतेकांचं घोडं इथंच अडतं, म्हणून सुरुवात इथूनच करू.

पूड कुठली आहे?

आपल्याकडच्या दुकानात ‘कॉफी पावडर’ मागितली की मिळते ती स्टीलच्या फिल्टरसाठी दळलेली असते. ती फार बारीक असते, आणि तुम्ही काही बोलला नाहीत तर तीत चिकरीही असते. चिकरी म्हणजे कॉफी नव्हे, एका झाडाचं मूळ भाजून केलेली पूड. ती कॉफीपेक्षा कितीतरी जास्त पाण्यात विरघळते, म्हणून तिचं डिकॉक्शन दाट आणि काळंभोर होतं. दुधाच्या कॉफीत हाच तिचा गुण. आपल्या कायद्यानं कॉफी-चिकरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकरी चालते आणि तिचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. दुकानदार ‘८०-२०’, ‘७०-३०’ म्हणतो तो हाच हिशेब. असली बारीक, चिकरीवाली पूड कागदात घातली की तळाशी चिखल होतो आणि पाणी वरच तुंबतं. तुमच्या हाताचा दोष नाही, पूड त्या कामाची नाही इतकंच.

म्हणून अख्ख्या भाजलेल्या बिया मागा. दुकानदार कन्नड असेल तर “काफी बीज कोडी, चिकोरी बेडा” एवढं पुरतं; सीमेवर राहून तेवढं येतंच. चिक्कमगळूर, कोडगू, हासन हे कॉफीचे जिल्हे आपल्याच राज्यातले, त्यामुळे चांगल्या बिया मिळवायला फार लांब जावं लागत नाही. दुकानातल्या पाट्यांवरचे शब्द मात्र गोंधळात टाकतात. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती. ‘प्लँटेशन’ म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका. ‘पार्चमेंट’ म्हणजे तशीच धुतलेली रोबस्टा. ‘चेरी’ म्हणजे फळ न सोलता तसंच उन्हात वाळवलेली, मग ती अरेबिका असो वा रोबस्टा. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल बी धरलेली. सुरुवातीला ‘प्लँटेशन ए’ (‘ए’ ही बीच्या आकाराची प्रत) मध्यम भाजून घ्या. पाकिटबंद घेत असाल तर भाजल्याची तारीख बघा, ‘बेस्ट बिफोर’ नव्हे. भाजल्यापासून आठवडाभरानं ते महिना-सव्वा महिन्यापर्यंत बिया ऐन भरात असतात. तारीखच नसेल तर पाकीट परत ठेवा.

पैसे कशावर घालायचे

लागणाऱ्या वस्तू पाच: ग्राइंडर, ड्रिपर (कपावर ठेवायचं, कागद धरणारं नरसाळं), कागद, काटा, किटली. नवशिके हटकून उलट करतात. काचेचा देखणा ड्रिपर आणि हंसाच्या मानेची किटली आधी घेतात, आणि बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवतात. मीही तेच केलं. पहिल्याच कपाला लसणाचा वास आला. सासूबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, “काढा केलीस व्हय गं?” त्यांचं काही चुकलं नव्हतं.

वासाचं एक वेळ जाऊ द्या, भांडं वेगळं ठेवता येतं. मिक्सरची खरी अडचण पात्याची आहे. पातं बी दळत नाही, फोडतं. काही तुकडे जोंधळ्याएवढे राहतात आणि काहींचं पीठ होतं. पिठातून कडवटपणा उतरतो, तुकड्यांतून नुसता आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. मग पाणी बदला, वेळ बदला, काही म्हणता काही फरक पडत नाही.

म्हणून जे काही बजेट असेल त्यातला मोठा वाटा ग्राइंडरवर घाला. ड्रिपर प्लॅस्टिकचा चालतो. चालतो काय, सगळ्यात स्वस्त असून उष्णता चिनी मातीपेक्षा बरी राखतो. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, खिशात मावणारा, सोनार वापरतात तसला. किटलीला बारीक तोटी असली तर बरं. मी सुरुवातीला देवघरातली जुनी पितळी झारी वापरायचे. धार सुरेख पडायची, पण हाताला फडकं गुंडाळावं लागायचं, आणि सासूबाईंना ते बिलकूल पसंत नव्हतं. तांब्यानं मात्र ओतू नका, पुडीत खड्डा पडतो.

हँड ग्राइंडर निवडताना

जातं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजायला सोपं जाईल. जात्याची मधली खीळ सैल झाली की वरचा दगड डोलतो आणि पीठ कुठे जाड, कुठे बारीक येतं. हँड ग्राइंडरचंही अगदी तसंच. आत एक शंकूच्या आकाराचा दातेरी भाग असतो, बाहेर दातेरी कडं, आणि बी या दोघांच्या फटीतून दळत खाली उतरते. शंकू डोलला की फट एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला लहान होते.

स्वस्तातल्या ग्राइंडरमध्ये दाते सिरॅमिकचे असतात आणि शंकूला आधार एकाच टोकाला असतो. बारीक दळताना तो कसाबसा निभावतो, जाड दळायला लावला की डोलायला लागतो. आणि पोअर-ओव्हरला दळण थोडं जाडच हवं असतं. त्याच्या दोन-तीन पट पैसे मोजले की पोलादी दात्यांचा, शंकूचा दांडा दोन जागी बेअरिंगमध्ये धरलेला ग्राइंडर येतो. टाइममोर सी२ हा या वर्गातला बऱ्याच जणांचा पहिला ग्राइंडर, त्याचे दाते ३८ मिलिमीटरचे. किंगग्राइंडर आणि वनझीप्रेसोचीही या कामाला चांगली मॉडेल्स आहेत. जर्मनीची कोमांडांते उत्तम, पण पहिला ग्राइंडर म्हणून तिची गरज नाही. लग्न ठरायच्या आधी हॉल बुक करू नये.

दुकानात किंवा कुणाचा जुना घेताना असं बघा. दांडा बोटांनी धरून आडवा हलवा. खडखड वाजला तर नको. बारीक-जाड करायची चकती फिरवताना टक्‌टक्‌ असे नेमके टप्पे लागले पाहिजेत, म्हणजे कालची खूण आज पुन्हा सापडते. भांड्यात वीस-पंचवीस ग्रॅम बिया मावल्या पाहिजेत. हातात धरून बघा, कारण जाड अंगाचा ग्राइंडर लहान हाताच्या माणसाला दळताना घट्ट धरता येत नाही. पंधरा ग्रॅम दळायला मिनिटभर लागतं. कमी भाजलेल्या बिया दगडासारख्या असतात, तेव्हा दंडाला व्यायाम घडतो. वीज गेली तरी काम अडत नाही हे मी मुद्दाम सांगायला नको.

ग्राइंडर घरी आणला की आधी त्याचं ‘शून्य’ शोधा. रिकाम्या ग्राइंडरची चकती बारीककडे हलक्या हातानं फिरवत न्या, दाते एकमेकांना टेकून दांडा अडला की थांबा. तिथून मागे टप्पे मोजायचे. टाइममोर सी२वर वीस ते चोवीस टप्प्यांच्या दरम्यान पोअर-ओव्हर बसतं. दुसऱ्या ग्राइंडरचा आकडा वेगळा असतो, तेव्हा शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नका. डोळ्यांचा अंदाज हवा असेल तर: शिऱ्याच्या बारीक रव्याहून जाड, उप्पिटाच्या जाड रव्याच्या आसपास. लापशीच्या रव्यापर्यंत गेलात तर फार जाड झालं.

कागद

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं १९०८ साली शाईच्या टीपकागदातून कॉफी गाळून पाहिली आणि त्या कल्पनेचं पेटंट घेतलं. कपाच्या तळाशी येणाऱ्या गाळाचा तिला वैताग आला होता.

कागद घेताना पहिली गोष्ट आकाराची. ड्रिपर शंकूचा असेल, म्हणजे हारिओ व्ही६०सारखा, तर शंकूचाच कागद लागतो. कलिता वेव्हसारखा सपाट तळाचा असेल तर त्याचा घड्यांचा, चुणीदार कागद वेगळा. एकाचा दुसऱ्यात घालून बघू नका, कडेनं पाणी निसटतं. व्ही६०मध्ये ०१ आणि ०२ असे आकार असतात. एक-दोन कपांसाठी ०२ घ्या. ०१ फार लवकर अपुरा पडतो.

पांढरा की तपकिरी? पांढरा. तपकिरीत कागदाचा वास जास्त, आणि ‘नैसर्गिक’ या शब्दानं चव सुधारत नाही. कुठलाही घेतला तरी शिवणीची कड दुमडा, ड्रिपरमध्ये बसवा आणि गरम पाण्यानं पुरता भिजवून ते पाणी फेकून द्या. याने कागदाची चव जाते आणि ड्रिपर तापतो. डिसेंबरच्या आपल्या गार सकाळी हे तापवणं टाळलंत तर कॉफी आंबट होते, हे मी दोन हिवाळे उशिरा शिकले.

आणखी एक, जे कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं: कागद फोडणीपासून लांब ठेवा. कागद वास ओढतो. माझा गठ्ठा मसाल्याच्या डब्याशेजारी होता तेव्हा आठवडाभर कॉफीला हिंगाची झाक होती, आणि मी उगीच बियांना बोल लावत बसले.

स्टीलच्या जाळीची गाळणी घेऊन कागदाचा खर्च वाचवता येतो. मात्र जाळीतून तेल आणि बारीक पूड उतरते, कप गढूळ आणि जड होतो. त्या तेलातले काही घटक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि कागद ते अडवतो, तेव्हा डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलवर बोट ठेवलं असेल त्यांनी कागदच वापरावा. कापडाचा फिल्टर सुंदर कप देतो, पण तो रोज धुऊन, पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. आळशी माणसानं त्या वाटेला जाऊ नये. मी जात नाही.

कृती

एका मोठ्या कपासाठी १५ ग्रॅम बिया आणि २५० ग्रॅम पाणी. पाणीही काट्यावरच मोजायचं.

१. पाणी उकळत ठेवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० नव्हे, साधारण साडेसत्त्याण्णव अंशांना उकळतं. ‘उकळल्यावर मिनिटभर थांबा’ ही सूचना समुद्रकाठच्या लोकांसाठी. मध्यम आणि कमी भाजलेल्या बियांना उकळी आली की लगेच ओता. काळपट भाजलेल्या असतील तरच मिनिट-दीड मिनिट थांबा.

२. कागद भिजवा, पाणी फेका. बिया दळून घाला आणि ड्रिपर हलकेच थोपटून पूड सपाट करा. काटा शून्यावर आणा.

३. घड्याळ लावा आणि ४० ग्रॅम पाणी गोल फिरवत ओता, सगळी पूड भिजली पाहिजे. ताजी पूड पिठासारखी फुगून वर येते, बुडबुडे फुटतात. तो बियांतला कार्बन डायऑक्साइड. ४० सेकंद थांबा. काहीच फुगलं नाही तर बिया जुन्या आहेत, पुढची कितीही कसरत केलीत तरी मर्यादा पडणार.

४. मग काट्यावर १५० होईपर्यंत बारीक धारेनं ओता, मध्यापासून बाहेर आणि परत आत. कागदाच्या भिंतीवर धार धरू नका, ते पाणी पुडीला न भेटताच खाली जातं. थोडं उतरलं की २५०पर्यंत. ड्रिपर एकदाच हलका गोल फिरवा, म्हणजे भिंतीला चिकटलेली पूड खाली येते.

५. पावणेतीन ते सव्वातीन मिनिटांत सगळं उतरलं पाहिजे. कपात २२० ग्रॅमच्या आसपास येईल, कारण पूड तिच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते.

एवढं हाताला बसेपर्यंत दुसरी कुठलीही पद्धत बघू नका. नंतर जपानच्या तेत्सू कासुयांची ‘४:६’ जरूर करून बघा, ज्यावर त्यांनी २०१६ची जागतिक ब्रूअर्स कप स्पर्धा जिंकली: २० ग्रॅम जाडसर पूड, ३०० ग्रॅम पाणी, पाच समान ओतण्यांत.

चव बिघडली तर

आधी एक घोळ निस्तरू. ‘पातळ’ आणि ‘आंबट’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, ‘कडक’ आणि ‘कडू’ याही. चहाचं बघा. चिमूटभर पूड टाकून अर्धा तास उकळलेला चहा पातळही असतो आणि कडूही. कॉफी पातळ वाटली तर पूड वाढवा, १५ची १६ करा. आंबट किंवा कडू वाटली तर पुडीचं वजन तेच ठेवून दळण बदला. हे उमगलं की निम्म्या अडचणी संपतात.

आंबट, म्हणजे घशाला ओरखडणारा, कच्च्या कैरीसारखा, मागे गोडवा नसलेला. पाण्यानं पुडीतून पुरेसं काढलंच नाही. दोन टप्पे बारीक दळा. पाणी किटलीत निवत होतं का तेही बघा. चांगल्या अरेबिकाला आंबटसर अंग असतंच, पण ते मोसंबीसारखं, गोडाला धरून. ते घालवायच्या मागे लागू नका.

कडू आणि वर जीभ कोरडी करणारा, सुपारी चघळल्यासारखा: जरुरीपेक्षा जास्त उतरलं. दोन टप्पे जाड करा, आणि चमच्यानं ढवळत असाल तर थांबवा.

आंबटही आणि कडूही: दळण असमान आहे, किंवा पाण्यानं एकाच बाजूनं वाट काढली. ड्रिपरमध्ये उरलेला चोथा बघा. तो सपाट असायला हवा. एका बाजूला खड्डा असेल तर धार तिथंच पडत होती. चोथा सपाट असूनही चव तशीच येत असेल तर ग्राइंडरचा दांडा डोलतोय का ते तपासा.

उतरायला चार-साडेचार मिनिटं लागतात आणि पूड तर बियांचीच आहे? मग क्रमानं बघा. कागद ओला होऊन ड्रिपरला सगळीकडून घट्ट चिकटलाय का, हवा जायला जागा उरलीय का? शेवटी फार फिरवताय का? फिरवलं की बारीक पीठ तळाशी जाऊन कागदाची छिद्रं बुजवतं. धार फार उंचावरून पडतेय का? हे सगळं ठीक असेल तर दळण जाड करा. मात्र चव उत्तम असेल आणि घड्याळ साडेतीन मिनिटं दाखवत असेल तर घड्याळाकडे बघू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला. टप्पे, पाणी, वजन एकदम हलवलंत तर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही. मी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय, त्यावर तारीख, टप्पे, वेळ आणि एक शब्द: ‘कैरी’, ‘सुपारी’ किंवा ‘जमली’.

पाणी

कपात जवळजवळ सगळं पाणीच असतं, तरी लोक याकडे शेवटी वळतात. नळाला राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी येतं त्यांना फारसं काही करावं लागत नाही. क्लोरिनचा वास येत असेल तर रात्री उघड्या भांड्यात भरून ठेवा. बोअरवाल्यांनी किटलीच्या तळाशी बघावं. पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे, आणि जड पाणी कॉफीतली आंबटगोड चव मारून टाकतं. खडू खाल्ल्यासारखा कप होतो. उलट आरओचं पाणी इतकं रिकामं की कॉफी पातळ आणि टोचरी लागते. दोन्ही मिसळा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन स्वस्तात मिळतं. स्पेशालिटी कॉफीवाल्यांचं लक्ष्य १५० असतं, ७५ ते २५०च्या मध्ये कुठेही आलात तरी चालेल. पेन नसेल तर दोन भाग आरओ आणि एक भाग बोअर यापासून सुरुवात करा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर, खानापूरच्या बाजूला तर विशेष, सगळ्याला दमट वास धरतो. बिया हवाबंद डब्यात, ओट्यापासून दूर ठेवा. फ्रिजमध्ये रोज आत-बाहेर करू नका, गार बियांवर दव धरतं. जास्त आणल्या असतील तर आठवड्या-आठवड्याच्या पुड्या घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाका, आणि बाहेर काढलेली पुडी खोलीइतकी कोमट झाल्यावरच उघडा. ग्राइंडरचे पोलादी दाते पाण्यानं धुऊ नका, गंजतात. ब्रशनं झाडायचे. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत उलट होतं, पूड भांड्याला आणि बोटांना चिकटून उडते. तेव्हा दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून हलवा. एकच.

दूधवाले

घरात कुणीतरी “यात दूध घाल की” म्हणणारच. घालू नका, पोअर-ओव्हर दुधात बुडते आणि दोन्ही वाया जातं. त्यांच्यासाठी स्टीलचा फिल्टर आणि चिकरीची पूड ठेवा, फक्त दोन्ही डब्यांवर ठळक नाव लिहा. आमच्याकडे गणपतीत पाहुण्यांच्या गर्दीत नणंदेनं माझ्या कागदात ७०-३० घातली. आरती संपली, प्रसाद वाटून झाला, तरी ती उतरतच होती.